नेहरूनगर ते किणये : बेळगावातील सार्वजनिक आरोग्य शिक्षणाची वाटचाल

१९१६ साली तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आरोग्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली. त्याच वर्षी धारवाडचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी मिशिगन विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. आणि १३ नोव्हेंबरला बेळगावात ध्येयवादी शिक्षकांनी एक अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा सुरू केली. या शाळेतूनच पुढे कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आपली के.एल.ई., उभी राहिली. ज्यांनी शाळा काढली त्यांना आपल्या संस्थेतून कधी वैद्यकीय महाविद्यालय निघेल आणि तिथल्या अभ्यासाने जगभरच्या बाळंतिणींच्या उपचारात बदल होईल, असे स्वप्नातही वाटले नसेल. हर्डीकरांची अडचण मात्र त्याच वेळी उभी राहिली होती. पदवी हातात होती, पण ती घेऊन देशात करायचे काय? सार्वजनिक आरोग्य शिकवणारी मोठी संस्था तेव्हा हिंदुस्थानात नव्हती. कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू व्हायला १९३२ साल उजाडावे लागले.

हर्डीकर १९२१ मध्ये परतले आणि स्वयंसेवकांच्या संघटनेकडे वळले. १९२३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी सेवा दल उभारले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी यजमानपद पत्करले होते. टिळकवाडीच्या माळावर हजारो माणसे राहणार म्हटल्यावर पाण्याची सोय आधी करावी लागली आणि त्यासाठी विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही टिळकवाडीत आहे. अधिवेशनाच्या इतिहासात भाषणांचे आणि ठरावांचे वर्णन भरपूर सापडते. मला मात्र ती विहीर त्या अधिवेशनातली फार मोठी गोष्ट वाटते. माणसे जमायच्या आधी त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा विचार करायचा, हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला पाठ बेळगावने त्या वर्षी प्रत्यक्ष गिरवला. हर्डीकर पुढे राज्यसभेचे सदस्य झाले, १९५८ मध्ये पद्मभूषण झाले, घटप्रभेच्या आरोग्यधामाशी त्यांचा जवळचा संबंध राहिला. त्यांच्या पदवीचा उपयोग झाला तो अशा आडवाटेने. ‘हे शिकून पुढे काय?’ हा प्रश्न आजही एम.पी.एच.ला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या घरी विचारला जातो. बेळगावातील या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर त्या प्रश्नाला इथे कसकसे उत्तर मिळत गेले, तेच सांगावे लागेल.

वैद्यकीय महाविद्यालय यायच्या कितीतरी आधी बेळगावात सार्वजनिक आरोग्याचे एक मोठे काम चालू होते. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज बेळगावकरांना सकाळच्या फेरफटक्यासाठी, मैदानासाठी आणि जुन्या झाडांसाठी ठाऊक आहे. या संस्थेत देवीची लस तयार होत असे. देवी निर्मूलनाची मोहीम चालू असताना देशात शीतशुष्क लस बनवणाऱ्या ज्या चार संस्था होत्या, त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला बेळगाव होते. जुनी पातळ लस उन्हाने लवकर निकामी व्हायची. शीतशुष्क लस उन्हाळ्यातही आठवडेच्या आठवडे टिकायची, त्यामुळे बर्फाची सोय नसलेल्या खेड्यापर्यंत ती नेता आली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा नवा रुग्ण सापडला नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. दंडावर देवीचा व्रण असलेली आपल्या घरातली वडीलधारी माणसे आठवून पाहावीत. त्यांतल्या कित्येकांच्या दंडावरची लस टिळकवाडीत बनली असण्याचा संभव आहे.

लशीशी बेळगावचे नाते पुढेही टिकले. राज्याचे प्रादेशिक लस भांडार बेळगावात आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस बेळगावच्या भांडारात उतरली आणि इथून उत्तर कर्नाटकातल्या जिल्ह्यांना वाटली गेली. शीतसाखळी म्हणजे काय, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच गावातल्या भांडाराच्या नोंदवहीत पाहणे वेगळे. विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात तिथे नेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

१९६३ मध्ये के.एल.ई. संस्थेने बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ते नेहरूनगरच्या विस्तीर्ण आवारात वाढले. आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी, नंतर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न होते. २००६ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले इथे शिकली. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या कितीतरी मराठी घरांत ‘जे.एन.’ हे नाव घरच्यासारखे घेतले जाते. त्या सगळ्याचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र येईलच. मला लिहायचे आहे ते या महाविद्यालयातल्या ज्या विभागाकडे हुशार विद्यार्थी बराच काळ पाठ फिरवीत, त्या विभागाविषयी.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात सांगितले होते की या देशाला समाजाचा विचार करणारा डॉक्टर हवा आणि प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे. त्यातून देशभरच्या महाविद्यालयांत ‘पी.एस.एम.’ हा विषय आला, पुढे तो सामुदायिक वैद्यक झाला. विषय अभ्यासक्रमात आला, पण विद्यार्थ्यांच्या मनात त्याला जागा नव्हती. शस्त्रक्रिया, वैद्यक, बालरोग या विषयांत जागा मिळाली नाही तर घ्यायचा विषय, अशी त्याची ख्याती. एम.डी. करून पुन्हा पाणीपुरवठा, शौचालये आणि डास मोजायचे का, असे नातेवाईक विचारत. शिक्षकांनी तरीही विभागाच्या वर्गाबाहेरच्या शाखा नेटाने चालवल्या. शहरात अशोकनगर, रामनगर, रुक्मिणीनगर इथली आरोग्य केंद्रे; ग्रामीण भागात किणये, वंटमुरी आणि हंदिगनूर इथली प्राथमिक आरोग्य केंद्रे. पदव्युत्तर विद्यार्थ्याची तीन वर्षे या केंद्रांच्या वाटेवर जातात.

ही केंद्रे कुठे आहेत ते नकाशावर पाहिले की बेळगावात शिकण्याचा खरा अर्थ कळतो. किणये हे शहराच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडे; भात, नाचणी, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि घराघरांत मराठी. वंटमुरी उत्तरेला पुणे-बेंगळुरू महामार्गाकडे, तिथे कन्नड अधिक. एकाच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला सकाळी एका भाषेत आणि दुपारी दुसऱ्या भाषेत विचारावे लागते की बाई, गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घेतल्या का, आणि घेतल्या नसतील तर का नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने यातच जातात, आणि ते जायलाच हवेत. घरभेटीला गेल्यावर सासूने उत्तर द्यायचे आणि सुनेने चुलीकडे पाहत बसायचे, हे कुठल्याही प्रश्नावलीत लिहिलेले नसते. सुनेला एकटीला विचारायचे कसे, हे विद्यार्थी शिकतो ते सोबतच्या नर्सबाईंकडून.

या नर्सबाईंमुळेच बेळगावचे नाव जगाच्या आरोग्यशास्त्रात गेले. ती हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे.

बाळंतपणानंतर अंगावरून फार जाणे, हे आपल्याकडे बायकांच्या मृत्यूचे फार मोठे कारण होते आणि आजही आहे. बाळ झाल्यावर गर्भाशय नीट आवळले नाही तर रक्तस्राव थांबत नाही आणि दोन-तीन तासांत बाई हातची जाते. दवाखान्यात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. पण ते थंड ठेवावे लागते, टोचावे लागते, टोचणारा प्रशिक्षित लागतो. गावात, रात्री, पावसात, घरात किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात यांतले काहीच हाताशी नसे. मिसोप्रोस्टॉल हे औषध गोळीच्या रूपात मिळते, उन्हात टिकते आणि तोंडाने घेता येते. ती गोळी गावातल्या एएनएम बाईने, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेने, दिली तर रक्तस्राव कमी होईल का? हा प्रश्न घेऊन जे.एन.चे डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. शोभना पट्टेद, सामुदायिक वैद्यक विभागाच्या डॉ. विजया नाईक, डॉ. बेल्लद हे प्राध्यापक आणि रिचर्ड डर्मन, स्टेसी गेलर हे अमेरिकी सहकारी एकत्र आले. २००१ साली सुरू झालेल्या माता-बाल आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्यातून पाठबळ मिळाले.

पहिली अडचण मोजण्याची होती. किती रक्त गेले, हे तोवर सगळीकडे नजरेनेच ठरवीत. चादर भिजली, गोणपाट भिजले, अंदाज लिहिला. अंदाजावर औषधाची पारख कशी करणार? म्हणून या गटाने प्लास्टिकचे एक आवरण तयार केले. ते बाळंतिणीखाली अंथरायचे, कमरेला बांधायचे, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. सात सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘ब्रास-व्ही’ असे नाव दिले. नजरेचा अंदाज आणि पिशवीतले माप यांची तुलना केली तेव्हा नजर सुमारे ३३ टक्क्यांनी कमी सांगते असे दिसले.  माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ही पिशवीच. सार्वजनिक आरोग्यात शोध म्हणजे प्रत्येक वेळी नवे औषध नव्हे. आधी खरे मोजता येणे हाच पुष्कळदा शोध असतो.

मग सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात प्रत्यक्ष चाचणी झाली. १६२० बाळंतिणी आणि २५ एएनएम. निम्म्या बायकांना बाळ झाल्याबरोबर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषध गोळ्या. कुणाला काय मिळाले हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना नर्सबाईंना. त्या काळी गावपातळीवर नर्सबाईंनी असे कोणतेच औषध देण्याची रीत नव्हती, म्हणून अशी तुलना करता आली. तरी तिच्या नैतिकतेवर चर्चा झाली आणि ती व्हायला हवी होती. आजच्या विद्यार्थ्याने ती चर्चाही वाचावी. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. निरौषध गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांत ६.४ टक्के. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. अठरा जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. खुणा असलेल्या पिशवीचा प्रवास त्याहून लांबचा झाला. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे रक्त मोजण्यासाठी अशाच खुणांच्या पिशव्या वापरल्या, रक्तस्राव लवकर ओळखून सगळे उपचार एकदमच सुरू केले आणि गंभीर परिणामांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी खाली आले. आफ्रिकेतल्या त्या प्रसूतिगृहांत बेळगावचे नाव कुणी घेत नसेल. पण रक्त नजरेने न ठरवता मापाने ठरवायचे, हा आग्रह बेळगावच्या खेड्यांत पंचवीस नर्सबाईंनी तीन वर्षे पाळून दाखवला होता. निबंधावर प्राध्यापकांची नावे छापली जातात, तशी रीतच आहे. या स्मरणिकेत त्या पंचवीस जणींच्या कामाची वेगळी नोंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मिसोप्रोस्टॉलच्या चाचणीने महाविद्यालयाला एक सवय लावली. ठरलेल्या गावांतली प्रत्येक गरोदर बाई नोंदवायची, बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतर सहा आठवडे तिचा मागोवा ठेवायचा. आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या इतर देशांबरोबर बेळगावात माता व नवजात बाळांची अशी नोंदवही २००८ पासून चालू झाली. नोंदवही म्हणताना ती किती अवघड गोष्ट आहे हे लक्षात येत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सासर किणयेला, माहेर चंदगड तालुक्यात. सातव्या महिन्यात मुलगी निघून जाते. सीमेपलीकडे गेली की तिची नोंद दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कार्डावर, दुसऱ्या कार्यक्रमात. ती परत येते तेव्हा बाळ तीन महिन्यांचे असते, किंवा नसते. तिला नोंदीतून गळू द्यायचे नाही म्हणजे आशाताईने तिच्या माहेरचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवायचा आणि पाठपुरावा करायचा. सीमाभागातल्या सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास बाहेरच्या पुस्तकांवरून करता येत नाही तो यासाठी.

नोंदीचे मोल किती, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फर्स्ट ब्रेथ’ अभ्यासाने दाखवले. नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी, याचे प्रशिक्षण गावातल्या सुईणी, नर्स आणि डॉक्टरांना दिले. सहा देशांत हे काम झाले, बेळगाव परिसर त्यांपैकी एक. पहिल्या आठवड्यातले मृत्यू फारसे कमी झाले नाहीत. पण मृत जन्मांचे प्रमाण हजारी २३ वरून सुमारे १६ वर आले. प्रशिक्षणाने पोटातली बाळे कशी वाचतील? संशोधकांनी अर्थ लावला तो असा: जी बाळे मेलेली जन्मली म्हणून लिहिली जात, त्यांतली काही जन्मतः जिवंत होती, श्वास घेत नव्हती. कुणीतरी अंग पुसून, पाठ चोळून, कृत्रिमरीत्या हवा देऊन श्वास चालू केला तर ती जगत. त्यांना ‘मृत’ लिहिणे आणि त्यांच्यासाठी काही न करणे या दोन्ही गोष्टी एकत्रच होत होत्या.

सगळे निष्कर्ष मनासारखे आले असते तर या इतिहासावर मी इतका विश्वास ठेवला नसता. अपुऱ्या दिवसांत बाळंत होणाऱ्या बाईला कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे मोठ्या रुग्णालयांत सिद्ध झाले होते. तेच औषध गावपातळीवर सर्रास द्यावे का, हे पाहण्यासाठी सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांवर चाचणी झाली. भारतात बेळगाव आणि नागपूर इथे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही आणि सगळ्या बाळांचा हिशेब केला तर औषध दिलेल्या गावांत नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले. दिवस नीट मोजलेले नसले की पूर्ण वाढीच्या बाळांच्या आयांनाही औषध दिले जाते, आणि बाळंतपणानंतरची काळजी कमी पडते. हा निकाल लपवला गेला नाही. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. तिथे सोनोग्राफीने दिवस पक्के मोजले, बाळाची काळजी घेण्याची सोय आधी पाहिली. २०२० मध्ये निकाल आला. औषधाने बाळे वाचली, इतकी की चाचणी लवकर थांबवावी लागली. त्या चाचणीतही बेळगावचा वाटा होता. औषध तेच, पण कुठे द्यायचे आणि भोवती काय व्यवस्था आहे यावर जीव जाणार की वाचणार हे ठरले. सार्वजनिक आरोग्य हे वेगळे शास्त्र का आहे, असे कुणी विचारले तर मी या दोन निबंधांकडे बोट दाखवीन.

२०२० मध्येच पहिलटकरणींवरचा ‘अ‍ॅस्पिरिन’ अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ८१ मिलिग्रॅमची गोळी, सहा देशांतल्या ११,९७६ बायका. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. बेळगाव इथेही होते. डॉ. गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामामुळे नेहरूनगरात माता-बाल आरोग्य संशोधनाचा एक मोठा विभाग उभा राहिला. त्यात संख्याशास्त्रज्ञ आहेत, नोंदी तपासणारे आहेत, क्षेत्रावर फिरणारे पर्यवेक्षक आहेत. २००६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रादेशिक केंद्रही बेळगावात आले. आज ते पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखले जाते. वैद्यकाचे विद्यार्थी नसलेल्यांनाही इथे काम मिळू लागले.

‘पुढे काय’ या प्रश्नाची उत्तरे अशी वाढत गेली. एम.डी.ची वाट वैद्यकीय पदवीधरासाठी, तीन वर्षांची, प्रबंधासह. एम.पी.एच. दोन वर्षांचा, दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर, परिचारिका, समाजकार्य वा विज्ञान शिकलेले यांना तो खुला असतो. देशात असा पहिला अभ्यासक्रम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ मध्ये सुरू झाला. अभिमत विद्यापीठ झाल्यावर के.एल.ई.नेही तो आखला. साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन, पर्यावरण, लोकांच्या सवयी आणि त्या बदलण्याचे मार्ग, असे विषय. निपाणी, खानापूर, चिकोडीच्या ज्या मुलींना बारावीनंतर एम.बी.बी.एस. मिळाले नाही आणि ज्यांनी बी.डी.एस. किंवा नर्सिंग केले, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. त्याची माहिती आपल्या मराठी शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचत नाही, हे खटकते.

नोकऱ्यांबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण पालक तेच विचारतात. एम.डी. झालेले महाविद्यालयात शिक्षक होतात, सरकारी सेवेत तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ देखरेख प्रकल्पाने १९९७ पासून कितीतरी तरुण डॉक्टरांना जिल्ह्याजिल्ह्यांत सर्वेक्षण अधिकारी म्हणून नेमले. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००४ मध्ये रोग सर्वेक्षणाचा एकात्मिक कार्यक्रम आला, २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान, आणि जिल्हा पातळीवर साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, माहिती विश्लेषक अशी पदे निर्माण झाली. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र पुढचे प्रशिक्षण देतात. यांतली बरीच पदे कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर माणूस वर्षानुवर्षे काम करतो आणि साथ आली की सगळ्यांना त्याची आठवण येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संवर्ग उभारायला सांगितले, २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक सूत्रे राज्यांना दिली. ते संवर्ग राज्यांनी खरोखर भरले पाहिजेत. महाविद्यालयाचे काम शिकवण्यापुरते आहे, जागा निर्माण करणे सरकारचे काम आहे.

हे शिक्षण पुढे कुठे न्यायला हवे, याचे एक ठळक उदाहरण म्हणजे निपाणी. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना तास-सव्वा तासावरचे हे गाव विडीच्या तंबाखूवर वाढले. वखारींतून बायका तंबाखू चाळतात, निवडतात, पोती भरतात. घराघरांत विड्या वळल्या जातात. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्याच सुमारास वखारींतल्या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत संघटित झाल्या, आणि १९८२ मध्ये ‘युगांतर’ या चित्रपट गटाने त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. भाव, मजुरी, बोनस, पाळणाघर यांवर बोलले गेले. त्या धुळीत रोज आठ-दहा तास बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचे, विडी वळणाऱ्या बोटांतून अंगात जाणाऱ्या निकोटिनचे, गरोदरपणात हेच काम करणाऱ्या बाईच्या बाळाच्या वजनाचे काय, यावर तितके बोलले गेले नाही.

कायद्याची सीमाही निपाणीजवळूनच जाते. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये. मधले दहा महिने कागल ओलांडले की तीच पुडी पुन्हा कायदेशीर होत होती. सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाचा असा अभ्यासविषय दुसरीकडे शोधून सापडणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचा महाराष्ट्राचा २०२३ चा निर्णय आणि त्यावरून झालेला वाद हाही असाच. राजकारण बाजूला ठेवून एवढेच पाहावे की निपाणीची आजारी बाई प्रत्यक्षात कुठे जाते. ती कोल्हापूरला जाते का बेळगावला, कोणते कार्ड चालते, खिशातून किती जाते. हे कुणीतरी घरोघर विचारून लिहायला हवे.

किणये आणि वंटमुरीत जी शिस्त दोन दशके पाळली, तीच निपाणीच्या वखारींत नेणे आता शक्य आहे. विडी कामगार बायकांची नोंदवही, दर वर्षी फुप्फुसांची तपासणी, गरोदर कामगारांचा बाळंतपणापर्यंत मागोवा, आणि हे सगळे त्यांच्या मराठीत. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात हे मावणार नाही; एकामागून एक तुकड्यांनी पुढे न्यावे लागेल, आणि सुरुवात महाविद्यालयाने निपाणीत कायमचे क्षेत्रकेंद्र उघडून करावी. जागा, दोन खोल्या, एक समाजसेवक, दोन एएनएम आणि महिन्यातून चार दिवस येणारे पदव्युत्तर विद्यार्थी. खर्च फार नाही. निपाणीच्या नगरपालिकेने आणि तंबाखू व्यापाऱ्यांनी त्यात वाटा उचलावा, आणि कामगार संघटनेचा प्रतिनिधी केंद्राच्या समितीवर पहिल्या दिवसापासून असावा.